बिल्ड फेल झालं? शेवटची नाही, पहिली ओळ वाचा!

‘ॲप’ या शब्दात मध्येच उगवणारं ते ठिपक्यांचं वर्तुळ कोण काढतं, हे शोधायला निघालात तर वाटेत एक स्क्रिप्ट भेटते. ती स्वतः कोड लिहिते. आणि बहुतेकांची गाडी तिथंच पंक्चर होते.

मोबाइलवर मराठी बातमी वाचताय. ‘ॲप’, ‘ॲडमिशन’, ‘ॲसिड’ असला एखादा शब्द येतो आणि अ च्या पुढे ठिपक्याठिपक्यांचं एक गोल वर्तुळ दिसतं. अर्धचंद्र बिचारा अ ला सोडून त्या वर्तुळाच्या डोक्यावर जाऊन बसलेला असतो. तुम्हीही पाहिलं असेलच. आपण काय करतो? फॉन्ट खराब आहे म्हणतो आणि पुढे स्क्रोल करतो.

फॉन्टचा यात काही दोष नाही. गंमत अशी आहे की हा ॲ टाइप करायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे ॲ हे सबंध, स्वतंत्र अक्षर. युनिकोडमध्ये ते २००८ साली ५.१ या आवृत्तीत आलं, आणि तक्त्यात त्याच्या डोक्यावर मराठीचंच नाव आहे. दुसरा मार्ग जुना: आधी अ, मग त्यावर अर्धचंद्र. म्हणजे दोन तुकडे. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण कॉम्प्युटरसाठी ते दोन वेगळे शब्द. युनिकोड म्हणतं पहिला मार्ग वापरा, दुसरा नको. आणि दुसरा वापरलात तर ‘हे चुकीचं लिहिलंय’ असं दाखवण्यासाठी काही सॉफ्टवेअर मध्ये ते वर्तुळ घुसवतं. म्हणूनच बऱ्याच मराठी वेबसाइट्सवर अ आणि अर्धचंद्राच्या मध्ये एक न दिसणारा जोडक टाकलेला सापडतो, झीरो विड्थ जॉइनर नावाचा. वर्तुळ टाळायचा जुगाड! दिसायला छान, पण सर्चमध्ये तो शब्द सापडेलच याची खात्री नाही.

मग हा निर्णय घेतो कोण? अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस या सगळ्यांच्या पोटात हार्फबझ नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे खुलं, म्हणजे ‘ओपनटाइप’चंच फारसी रूप. बेहदाद एस्फाहबोद हे त्याचे मुख्य कर्ते. तुम्ही टाइप केलेले तुकडे घ्यायचे आणि फॉन्टमधली कोणती आकृती कुठे बसवायची ते ठरवायचं, एवढंच त्याचं काम. ‘एवढंच’ म्हणायला सोपं आहे. ‘कि’ मध्ये वेलांटी टाइप होते नंतर आणि दिसते आधी. ‘अर्क’ मधला र उडी मारून क च्या डोक्यावर जातो. ‘दुसऱ्या’ मधला र डोक्यावर न जाता आडवा होऊन य ला चिकटतो. हे सगळं दर शब्दाला, तुमच्या नकळत.

बेहदाद यांनी भारतीय लिप्यांचा हा भाग बसवताना विकिपीडियावरचे लाखो शब्द घेऊन आपलं उत्तर मायक्रोसॉफ्टच्या युनिस्क्राइबच्या उत्तराशी ताडून पाहिलं होतं. आणि त्याचा सोर्स कोड खुला आहे. म्हणजे वर्ध्याच्या हॉस्टेलमध्ये बसून तुम्ही तो उतरवू शकता, वाचू शकता, बदलू शकता. फुकटात.

वर्धेकरांना हा वाद नवा नाही

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. देवनागरीच्या या गुंत्यावर आपल्या गावात खूप डोकेफोड झालेली आहे. राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ ला इथं सुरू झाली. काकासाहेब कालेलकर लिपी सुधारणेच्या चळवळीत पुढे होते. तिकडे पवनारच्या विनोबांनी ‘लोकनागरी’ नावाने सुधारलेली नागरी मांडली. त्या काळच्या चर्चेतली एक मुख्य सूचना अशी की इ, उ, ए अशी वेगळी अक्षरं कशाला हवीत, अ लाच वेलांटी, उकार, मात्रा लावा. अि, अु, अे. टाइपरायटर आणि छापखान्याचं काम हलकं व्हावं हा त्यामागचा एक हेतू. जुन्या ग्रंथालयात त्या काळची पुस्तकं उघडलीत तर हे स्वर अजून भेटतात.

आता गंमत बघा. हार्फबझमध्ये वर्तुळ कुठे घालायचं त्याची जी यादी आहे, तिच्यात अ अधिक काना आहे, अ अधिक अर्धचंद्र आहे, अ ला काना-मात्रा दिलेली आहे. पण अ ला वेलांटी किंवा अ ला उकार नाहीत! कारण साधं आहे. यादीचा हेतू दिसायला सारख्या जोड्या पकडणं हा आहे. अ अधिक काना हुबेहूब आ सारखा दिसतो, म्हणून तो संशयित. ‘अि’ सारखं दुसरं काहीच दिसत नाही, म्हणून तो सुटला. वर्ध्याचे ते स्वर आजच्या फोनवर बिनवर्तुळाचे उमटतात ते असे.

कोड लिहिणारा कोड

ही यादी कुठे आहे ते शोधू. हार्फबझचं फोल्डर उघडलं की ‘व्हॉवेल कन्स्ट्रेंट्स’ नावाची एक सी-प्लस-प्लस फाइल सापडते. आत भरमसाट ‘केस’ आणि ‘स्विच’. पण वरच लिहिलेलं असतं की हे एका पायथन स्क्रिप्टने तयार केलंय, आणि कोणत्या दोन याद्या वाचून तेही. मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांतून आलेली निषिद्ध जोड्यांची यादी आणि युनिकोडची ‘कोणतं अक्षर कोणत्या लिपीचं’ ही यादी. स्क्रिप्ट या दोन्ही वाचते आणि कोड ओकते. याला म्हणतात कोड जनरेटर.

असं का करतात? कारण अनेक लिप्यांच्या एवढ्या जोड्या हाताने लिहायला बसलं तर माणूस चुकणारच. यादी सुधारा, स्क्रिप्ट चालवा, कोड तयार. आपल्याकडे लग्नपत्रिकेचा मजकूर एकच ठेवून पाहुण्यांची नावं मेल मर्जने टाकतात ना, तसंच काहीसं.

हार्फबझमध्ये आणखी एक जनरेटर आहे, रॅगेल. तो ॲड्रियन थर्स्टन यांनी बनवलेला. देवनागरीचं अक्षर म्हणजे काय याचं व्याकरण (व्यंजन, मग नुक्ता, मग हलन्त, मग पुन्हा व्यंजन, शेवटी मात्रा) एका पानात मावेल एवढ्या जागेत लिहिलेलं आहे. रॅगेल त्यातून पानंच्या पानं आकड्यांचे तक्ते बनवतो. ते आकडे माणसाने वाचायचे नसतातच. व्याकरणात न बसणाऱ्या तुकड्याला तिथं सरळ ‘तुटका गट’ असं नाव आहे. नुसती वेलांटी टाइप केली की वर्तुळ येतं ते त्यामुळेच.

कॉलेजच्या प्रॅक्टिकलला आपण जो कोड लिहितो त्यात हा प्रकार नसतो. एक फाइल, एक कंपायलर, झालं. म्हणून खऱ्या जगातलं सॉफ्टवेअर पहिल्यांदा सोर्समधून बांधायला घेतलं की हा अनोळखी मधला माणूस नडतो. आणि नडला की आपली प्रतिक्रिया ठरलेली: काहून फेल होऊन राहिलं बे हे?

समजा, तुम्ही बसलात

समजा तुमच्याकडे उबंटू आहे. हार्फबझच्या सूचनांत लागणाऱ्या पॅकेजेसची यादी दिलीय, त्यात मेसन आहे, सी-प्लस-प्लसचा कंपायलर आहे, रॅगेल आहे. ती टाकली. गिटने कोड उतरवला. मोबाइल डेटावर असाल तर सगळा इतिहास उतरवू नका, गिटला ‘डेप्थ एक’ सांगा, फक्त आजची प्रत येते. मेसन चाललं, निंजा चाललं, बिल्ड झालं. मस्त.

आता खरा प्रयोग. निषिद्ध जोड्यांच्या यादीतली अ अधिक अर्धचंद्राची ओळ काढायची, स्क्रिप्ट पुन्हा चालवायची आणि वर्तुळ जातं का बघायचं. स्क्रिप्ट आपलं उत्तर स्क्रीनवर छापते, म्हणून तुम्ही पुढे ‘मोठं आहे’चं चिन्ह देऊन ते त्या सी-प्लस-प्लस फाइलमध्ये वळवता. एंटर. टर्मिनलवर चार-सहा ओळी येतात, तुम्ही घाईत दुर्लक्ष करता. पुन्हा निंजा. आणि धाडकन एरर येतो: अमुक फंक्शनचा ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’. त्या फंक्शनच्या नावात व्हॉवेल कन्स्ट्रेंट्स हे शब्द आहेत, पण तक्रार करतोय लिंकर, आणि बोट दाखवतोय ते भलत्याच फाइलकडे, जिथून ते फंक्शन बोलावलं जातं तिकडे.

इथं बहुतेकजण त्या भलत्या फाइलमध्ये शिरतात. दोन तास जातात. कोणी लायब्ररी पुन्हा टाकतं, कोणी उबंटूच पुन्हा टाकतं.

झालेलं असतं एवढंच. स्क्रिप्टला युनिकोडची ती ‘स्क्रिप्ट्स’ नावाची यादी लागते. ती हार्फबझच्या फोल्डरमध्ये नसते, युनिकोडच्या साइटवरून वेगळी उतरवावी लागते. ती सापडली नाही म्हणून स्क्रिप्ट पहिल्याच मिनिटाला मेली. त्या दुर्लक्ष केलेल्या चार ओळींत ‘फाइल नॉट फाउंड’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. पण मग सी-प्लस-प्लसची फाइल? ती तर होती ना आधी? होती. ‘मोठं आहे’चं चिन्ह दिलं की टर्मिनल आधी ती फाइल कोरी करतं आणि मग स्क्रिप्ट सुरू करतं. स्क्रिप्ट मेली, फाइल कोरी ती कोरीच. आणि कोरी फाइल सी-प्लस-प्लसच्या दृष्टीने अगदी बिनचूक असते! कंपायलर खूश. बोंब मारतो तो लिंकर, कितीतरी पुढे जाऊन.

जनरेटरच्या बिघाडाचा हा स्वभावच आहे असं म्हणा. मरतो एकीकडे, वास येतो दुसरीकडे. म्हणून शेवटचा एरर वाचून उपयोग नाही. टर्मिनल वर सरकवा, अगदी वर, आणि पहिला ‘फेल्ड’ शब्द शोधा. निंजा आपणहून आणि मेक सांगितलं तर एकाच वेळी अनेक कामं चालवतात, त्यामुळे पाच जणांचे आवाज एकमेकांत मिसळतात. अशा वेळी त्यांना ‘जे एक’ सांगायचं, म्हणजे एका वेळी एकच काम. वेळ लागेल, पण पहिला एरर कुठला ते कळेल. निंजाला ‘व्ही’ दिलं की तो नेमकी कोणती कमांड चालवतोय ती अख्खी छापतो. ती कमांड उचला, तीच हाताने एकटी चालवून बघा. जनरेटर एकटा चालत नसेल तर प्रश्न त्याचा. एकटा चालतो आणि बिल्डमध्ये मरतो तर प्रश्न त्याला मिळणाऱ्या फोल्डरचा किंवा याद्यांचा. अर्धं कोडं तिथंच सुटलं.

मग त्याने बनवलेली फाइल उघडा. रिकामी आहे? मध्येच तुटली आहे? शेवटचा कंस गायब आहे? गिटमधून जुनी प्रत परत आणता येते, घाबरायचं काम नाही. आणि पुढच्या वेळी थेट खऱ्या फाइलवर लिहू नका. आधी दुसऱ्या नावाने लिहा, नीट दिसली की मग नाव बदला.

यादी आणली, स्क्रिप्ट चालली, बिल्ड झालं. हार्फबझसोबत ‘एचबी-शेप’ नावाचं छोटं टूल येतं. त्याला फॉन्ट आणि शब्द दिला की कोणत्या आकृत्या निवडल्या ते छापतं. आधी तिथं तीन आकृत्या दिसत असतील (अ, वर्तुळ, अर्धचंद्र) तर आता वर्तुळ गेलेलं दिसेल. ही तुमच्या मशिनवरची तुमची प्रत, बरं का. जगाच्या क्रोममध्ये काही बदललं नाही. आणि बदलावं का, यावर माझं मत विचाराल तर नको. सारखे दिसणारे दोन वेगळे शब्द म्हणजे फसव्या वेबसाइटला आयतं आमंत्रण. बदलायला हवेत ते आपले कीबोर्ड आणि टाइप करायच्या सवयी. पण हे मत यादी वाचल्यावर बनतं, फॉन्टला शिव्या देऊन नाही.

गप्प बसणारा बिघाड

वरचा एरर निदान ओरडला तरी. याहून वाईट म्हणजे जो ओरडतच नाही तो. हार्फबझमध्येच उदाहरण आहे. रॅगेलने बनवलेले तक्ते तयार स्वरूपात कोडसोबतच ठेवलेले असतात. सोय म्हणून. तुमच्याकडे रॅगेल नसेल तर मेसन एक इशारा देतं, की हार्फबझवरच काम करायचं असेल तर रॅगेल टाका, आणि पुढे जातं. बिल्ड यशस्वी. आता तुम्ही व्याकरणाच्या फाइलमध्ये बदल केलात, पुन्हा बिल्ड केलं, ते पुन्हा यशस्वी. पण परिणाम शून्य! कारण व्याकरणातून तक्ते बनवणारा कोणी नव्हताच, जुनेच तक्ते वापरले गेले. तुम्ही डोकं धरून बसता की माझं लॉजिक कुठे चुकलं. लॉजिक चुकलेलं नाही. ते कोणी वाचलेलंच नाही.

यावर उपाय गावठी आहे पण हमखास. व्याकरणाच्या फाइलमध्ये मुद्दाम काहीतरी अगडबंब चुकीचं लिहा. बिल्ड तरीही हसत हसत पूर्ण झालं तर समजा तुमची फाइल कोणी उघडतच नाहीये.

रॅगेल आहे पण आवृत्ती वेगळी, हाही एक प्रकार. हार्फबझ रॅगेलच्या ६ क्रमांकाच्या मालिकेवर बेतलेलं आहे. रॅगेल ७ ची घडण वेगळी, त्याला कोल्म नावाची आणखी एक गोष्ट लागते. ‘नवीन म्हणजे चांगलं’ हे फोनला ठीक आहे, जनरेटरला नाही. प्रोजेक्टने सांगितलेलीच आवृत्ती टाका. टूलला ‘व्हर्जन’ विचारायला पाच सेकंद लागतात.

आणि मग आपले खास बिघाड

काही गोष्टी कुठल्याच इंग्रजी पुस्तकात ठळक लिहिलेल्या नसतात, पण आपल्याकडच्या लॅबमध्ये आणि हॉस्टेलमध्ये त्या घडतात.

लाईट जाते. मे महिन्यात वर्ध्यात हे सांगायला नको. डेस्कटॉपचा यूपीएस कधीचाच गेलेला. जनरेटर फाइल लिहित असतानाच अंधार झाला तर फाइल अर्धी किंवा शून्य बाइटची राहू शकते. लाईट आल्यावर मेक काय बघतो? फक्त वेळ. बनलेली फाइल मूळ यादीपेक्षा नवी आहे, म्हणजे पुन्हा बनवायची गरज नाही असं तो ठरवतो. आत काय आहे हे तो बघत नाही. मग त्या अर्ध्या फाइलवरून पुढचं सगळं कोसळतं आणि तुम्ही कितीही वेळा मेक चालवा, उत्तर तेच. लाईट गेल्यानंतर बिल्डचं फोल्डर सरळ उडवा आणि पहिल्यापासून करा.

जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. मशिन सुरू झालं की तारीख मागच्या कुठल्यातरी वर्षाची. मेक ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’ म्हणतो आणि बिल्ड अपुरं असू शकतं असा इशाराही देतो. कारण त्याचा सगळा हिशेब वेळेवर आहे आणि घड्याळच खोटं बोलतंय. गिट कोड उतरवायला नकार देतं तेही बऱ्याचदा याच कारणाने, सर्टिफिकेटची तारीख जुळत नाही म्हणून. सेल स्वस्तात मिळतो. तो बदला, मग कोडकडे बघा.

पेनड्राइव्हवर बिल्ड करू नका. फॅट-३२ फॉरमॅटची असेल तर लिनक्सवर त्यातली फाइल प्रोग्राम म्हणून चालवायची परवानगीच मिळत नाही. जिथं जनरेटर आधी कंपाइल होतो आणि मग चालतो, तिथं ‘परमिशन डिनाइड’ येतं आणि आपण पासवर्ड टाकत बसतो.

फोल्डरच्या नावात स्पेस नको. ‘न्यू फोल्डर २’ मध्ये बसून किती जनरेटर मेले असतील देव जाणे. ‘पायथन सापडलं नाही’ आलं तर उबंटूत आता त्याचं नाव ‘पायथन३’ आहे, एवढंच. नुसतं ‘किल्ड’ असं आलं तर रॅम संपली. चार जीबीच्या लॅपटॉपवर एका वेळी एकच काम चालवा आणि ब्राउझर बंद करा. लॅपटॉपवर रास्पबेरी पायसाठी बिल्ड करताना ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ आला तर जनरेटरही चुकून पायसाठीच बनलाय. तो तुमच्या लॅपटॉपवर चालायला हवा, कारण कोड तो इथं बसून लिहिणार आहे, तिकडे नाही.

हे सगळं कशाला करायचं?

रास्त प्रश्न. तयार सॉफ्टवेअर एका क्लिकवर मिळत असताना सोर्समधून बांधायची हौस कशाला? मी मास कॉमची, मला तर कोडिंगमध्ये करिअरही करायचं नाही. पण दोन घटना सांगते, मग ठरवा.

फेब्रुवारी २०१७. क्लाउडफ्लेअर ही कंपनी जगभरातल्या लाखो वेबसाइट्सची वाहतूक हाताळते. त्यांच्याकडे वेबपेज वाचणारा एक कोड होता, रॅगेलनेच बनवलेला. त्यात ‘शेवटाला पोचलो का’ हे बरोबरीच्या चिन्हाने तपासलं जात होतं. वाचणारा काटा एखादवेळी शेवट ओलांडून पुढे उडी मारायचा, बरोबरी कधी व्हायचीच नाही, आणि मग तो पुढे पुढे वाचत शेजारच्या मेमरीत शिरायचा. तिथं दुसऱ्यांच्या वेबसाइटचे पासवर्ड, कुकीज. ते पानांसोबत बाहेर सांडले, सर्च इंजिनांनी साठवूनही ठेवले. गूगलच्या प्रोजेक्ट झीरोमधल्या टॅव्हिस ऑर्मंडी यांनी ते पकडलं. ‘क्लाउडब्लीड’ म्हणून हे प्रकरण गाजलं. कंपनीने नंतर स्पष्ट सांगितलं की चूक रॅगेलची नव्हती, आम्ही त्याला जे लिहून दिलं त्यात होती. जनरेटर आज्ञाधारक असतो. चुकीचं सांगितलं तर चुकीचंच लिहितो, तेही न थकता.

दुसरी मार्च २०२४ ची. एक्सझेड हे फाइल दाबून लहान करणारं टूल जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा लपवलेला होता. तो सुरू करणारी बिल्ड स्क्रिप्ट गिटमधल्या सोर्समध्ये नव्हतीच! ती फक्त रिलीजच्या तयार गाठोड्यात होती. अशा गाठोड्यांत जनरेटरने बनवलेल्या फाइल्स असतातच, त्या लांबलचक आणि किचकट असतात, कोणी वाचत नाही. लपायला याहून चांगली जागा कुठली? आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला आपलं लॉगिन अर्ध्या सेकंदाने हळू झालंय एवढंच जाणवलं. त्यांनी पिच्छा सोडला नाही, म्हणून जग वाचलं. अर्धा सेकंद! आपण वर्तुळ बघून स्क्रोल करतो.

आणि एक साधं कारण. मोठ्या ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये नवख्यांसाठी ‘गुड फर्स्ट इश्यू’ अशी खूण केलेली छोटी कामं असतात. गूगल समर ऑफ कोड २००५ पासून सुरू आहे आणि २०२२ पासून तर त्याला विद्यार्थी असण्याचीही अट नाही. आर्वीत बसलात की आष्टीत, फरक पडत नाही. पण यातल्या प्रत्येक वाटेवर पहिली पायरी एकच आहे: तुमच्या मशिनवर बिल्ड व्हायला हवं. मराठी अक्षरांचे निर्णय घेणाऱ्या कोडमध्ये मराठी वाचणारी माणसं हवीत असं वाटत असेल, तर ती माणसं या पायरीवरून परत जाता कामा नयेत.

अडलात तर असं विचारा

सगळं करूनही अडायला होतं. तेव्हा सिनियरला किंवा प्रोजेक्टच्या लोकांना विचारायला लाजू नका, फक्त ‘सर एरर येतोय, प्लीज हेल्प’ असं पाठवू नका. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरपा फोटो तर नकोच. त्यात नेमकी पहिली ओळ कापलेली असते.

अख्खा लॉग फाइलमध्ये साठवा आणि ती फाइल द्या. सोबत लिहा: कोणती ऑपरेटिंग सिस्टिम, कोड गिटमधून घेतला की रिलीजच्या गाठोड्यातून, जनरेटरचं नाव आणि आवृत्ती, त्याला हाताने एकट्याने चालवल्यावर काय झालं, आणि त्याने बनवलेली फाइल किती बाइटची आहे. शून्य असेल तर शून्य लिहा. समोरच्याला बहुतेक तेवढ्यावरच कळतं. आणि जनरेटरने बनवलेल्या फाइलमध्ये हाताने दुरुस्ती केली असेल तर तेही सांगा. पुढच्या बिल्डला ती पुसली जाणार आहे, आणि मग ‘काल तर चालत होतं’ हे वाक्य तुम्ही म्हणणार आहात.

शनिवार-रविवार मोकळा असेल तर हार्फबझपासूनच सुरुवात करा. क्रोमसारखं अवाढव्य नाही, साध्या लॅपटॉपवर बिल्ड होतं. पहिला शब्द म्हणून आपलं आडनाव द्या, ‘एचबी-शेप’ त्याचे किती तुकडे करतं बघा. आडनावात ‘ऱ्हे’ किंवा ‘ऱ्या’ असेल तर जास्त मजा येईल.